उपग्रहाला न दिसणारी वर्षे

वनहक्काच्या दाव्यांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ घातली आहे. २०२५च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने विद्यार्थ्यांना एक काम दिले: जुने दावे संगणकावर आणणारा आणि उपग्रहचित्रांतून शेत, जंगल, पाणवठे ओळखणारा ‘एआय’ नकाशासंग्रह. त्यासाठी निवडलेल्या राज्यांच्या यादीत कर्नाटक नव्हते. पण अशा यंत्राची कसोटी घ्यायची, तर ती तिथल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातच घ्यावी.

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या या मुलखात कुणबी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सीमेपलीकडे गोव्यात कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्यातल्या कुणब्यांची तीच मागणी मात्र लोंबकळत राहिली. परिणाम असा, की २००६च्या वनहक्क कायद्यात ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास त्यांना सिद्ध करावा लागतो. हिशेब थेट १९३० पर्यंत जातो.

अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला १९७२ मध्ये. आधीची चार दशके कोणत्या चित्रात शोधणार?

नंतरची चित्रेही सगळे सांगत नाहीत. झाडांच्या सावलीत वाढणारे कंद, ज्यांसाठी जोयड्याचा कुणबी ओळखला जातो, वरून पाहिले तर जंगलच दिसतात. तालुक्याला पूर्वी जिचे नाव होते ती सुपा वस्ती तर काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेली.

याचा अर्थ यंत्र नकोच, असा नाही. हा जिल्हा आधी मुंबई इलाख्यात, मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळची गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, जमाबंदीची दप्तरे चाळून एखाद्या वाडीचा उल्लेख हुडकणे हे वकिलाची फी न परवडणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे काम. यंत्र ते झटपट करू शकेल. घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्याला कन्नड अर्जाचा मसुदा करून देऊ शकेल. जुन्या दप्तरांतले हे कागद वनहक्क नियमांनुसार पुरावा म्हणून चालतात. दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात.

निवाड्याचे काय, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे. उपग्रहचित्रे व अन्य तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही, असे २०१२चे सुधारित नियम बजावतात. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेची असते.

म्हणून जोयड्यात असे यंत्र आणण्याआधी सरकारने चार गोष्टी लेखी द्याव्यात. यंत्राचा निष्कर्ष ग्रामसभेत लोकांच्या भाषेत वाचून दाखवला जाईल. त्याविरुद्ध म्हाताऱ्यांची साक्ष नोंदवण्यास मुदत मिळेल. ‘नकाशात आढळत नाही’ एवढ्याच शेऱ्यावर दावा फेटाळला जाणार नाही. आणि फेटाळणीच्या आदेशावर कारणे आणि अधिकाऱ्याची सही असेल.