जुन्या वृक्षाचे मोल

शहरात रस्ता रुंद करावयाचा झाला, की पहिली कुऱ्हाड पडते ती कडेच्या जुन्या वडा-पिंपळावर. ‘एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू’ असे आश्वासन दिले जाते आणि हिशेब पुरा झाला असे लोक मानतात. हा हिशेब खरा आहे काय?

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने तोलून घेतलेल्या मातीत वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षांत झाडाचे वजन सुमारे ७४ किलोने वाढले. माती मात्र काही ग्रॅमच घटली. ही वाढ केवळ पाण्याची, असे त्याला वाटले. पुढे कळले, की तिच्यात हवेचा वाटा फार मोठा असतो. पाने हवेतील कर्बवायू शोषतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, प्राणवायू बाहेर सोडतात आणि वृक्ष तो कर्ब खोडात, फांद्यांत व मुळांत साठवितो.

सुक्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कर्बाचे असते. ज्या वृक्षाचे सुके वजन २००० किलो, त्यात १००० किलो कर्ब, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक कर्बवायू बांधलेला असतो. तो वृक्ष तोडून जाळला, तर तो सारा वायू पुन्हा हवेत मिसळतो. उलट, दहा रोपांत मिळून काही किलो कर्बही नसतो. आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून त्यांतील किती जगतील, हा प्रश्न निराळाच!

कोणी म्हणेल, मोटारी व कारखाने यांच्या धुरापुढे शहरातील झाडे कितीशी पुरणार? हे खरे आहे. धूर कमी करणे हाच मुख्य उपाय होय. परंतु मिळकत अपुरी पडते म्हणून शहाणा मनुष्य घरातील शिल्लक उधळीत नाही.

महाराष्ट्रात नागरी वृक्षांच्या रक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा-वृक्ष मानले आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. वृक्षाचे वय जमेस धरणारा हा न्याय पूर्वीपेक्षा बरा. तथापि साठ रोपे लावली, म्हणून साठ वर्षांचे काम एका दिवसात होत नाही.

रोपे अवश्य लावावीत; ती उद्याची पुंजी होय. पण आजची पुंजी मोडून उद्याची उभारणे, हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.