नवी मुंबईचे विमानतळ वाढणार. मेहरूणच्या कारागिराने काय करावे?

नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. आपल्या बाजारात त्याची चर्चा झाली ती दोनच अंगांनी. कोणी म्हणाले, आता खानदेशची केळी विमानाने थेट दुबईला जाणार. कोणी म्हणाले, पनवेल-उलव्याकडे एखादा प्लॉट घेऊन ठेवा, सोने होईल. आमच्या मते हे दोन्ही विचार कच्चे आहेत. ज्या गोष्टीचा विचार व्हावयास हवा, तो मात्र आपल्यात कोणी करताना दिसत नाही.

प्रथम या विमानतळाचा आवाका पाहू. सुमारे ११६० हेक्टर जागेवर तो उभा राहत आहे. आज सुरू झालेला भाग वर्षाला २ कोटी प्रवासी आणि सुमारे ५ लाख टन माल हाताळण्यासाठी आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर हेच आकडे ९ कोटी प्रवासी आणि साडेबत्तीस लाख टन माल असे होतील. म्हणजे मालाचा विचार केला तर सहा हिश्शांपैकी पाच हिस्से काम अजून व्हायचेच आहे. गोदामे, शीतगृहे, पॅकिंगच्या शेड, दुरुस्तीचे कारखाने हे सारे पुढील अनेक वर्षे बांधले जाणार आहे. आमचे म्हणणे या उरलेल्या कामाविषयी आहे.

आता जमिनीची गोष्ट. या प्रकल्पाला केंद्र सरकारची मान्यता २००७ साली मिळाली, पायाभरणी २०१८ साली झाली आणि पहिले प्रवासी विमान उडाले ते २०२५ च्या अखेरीस. २००७ साली जन्मलेले मूल तोवर मतदार झाले! मधल्या काळात दहा गावे हलली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, डोंगर कापावा लागला, ठेकेदार कंपनीही बदलली. ज्यांनी व्याजाने पैसे काढून प्लॉट घेतले असतील त्यांचा हिशेब त्यांनीच करावा.

दूर कशाला, आपल्या जळगावचे विमानतळ पाहा. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर उडान योजनेतील पहिली विमानसेवा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला, आणि ती सेवाही टिकली नाही. २०२४ साली गोवा व हैदराबादची विमाने सुरू झाली, तीही लहान एटीआर जातीची. इमारत झाली म्हणजे व्यापार आला असे होत नाही, हा धडा आपल्या दाराशीच आहे. तेव्हा धावपट्टी वाढणार या अफवेवर कुसुंबा-मेहरूण बाजूला जमिनीचे सौदे करणाऱ्यांनी आधी सरकारी अधिसूचना हातात घेऊन वाचावी.

केळीचे म्हणाल तर रावेर-सावद्याचा माल आखातात जातो तो समुद्रमार्गे, वातानुकूलित कंटेनरमधून, आणि तसाच जायला हवा. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे २० टन केळी मावतात. तेरा-चौदा अंश तापमानात ती हिरवी राहतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पिकवता येतात. स्वस्त आणि जड माल विमानात घालणे म्हणजे भाड्यात मुद्दल घालवणे होय. विमानाने जातो तो माल हलका, महाग किंवा लवकर नासणारा. दागिने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, फुले, ताजी भाजी, आखातात जाणारे शेळी-मेंढीचे ताजे मांस हा विमानाचा माल. आमच्या बागवान बंधूंनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. मेहरूणची बोरे किंवा भरिताची वांगी हंगामात थोड्या वजनाने पाठवून पाहता येतील. पण चार पेट्यांनी सुरुवात करावी, चार टनांनी नव्हे.

आता कारागिरांविषयी. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट यांना आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि त्यावर परवानाधारकाचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर माल तिकडच्या बंदरातून परत येऊ शकतो. आपल्यात सुतारकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत. दहा सुतारांनी मिळून भट्टी व परवाना यांचा विचार केला, तर ते काम औद्योगिक वसाहतीतील निर्यातदारांसाठी आजच करता येईल. विमानतळाची वाट पाहण्याचे कारण नाही. वेल्डिंग, वातानुकूलन, वाहनदुरुस्ती जाणणाऱ्या मुलांनी नुसत्या अनुभवावर न राहता आयटीआयचे प्रमाणपत्र घ्यावे. विमानतळाच्या आत हमाली कोणालाही मिळेल, यंत्राला हात लावण्यासाठी कागद लागतो.

कागदाचे निघाले म्हणून एक स्पष्ट गोष्ट सांगतो. विमानतळावर आत काम करायचे तर प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ शेवटी, आधारवर सुरुवातीला, पॅन कार्डावर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच! अशा तफावतीने अर्ज अडकतो आणि मग आपण म्हणतो, आपल्याला कोणी घेत नाही. भेदभाव होत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या हाताने आयते निमित्त का द्यावे? जमातींनी व मशिदींच्या विश्वस्तांनी जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एकदा कागदपत्र दुरुस्तीचे शिबिर ठेवले, तर तेही सवाबाचेच काम ठरेल.

छोट्या व्यापाऱ्याला निर्यात म्हणजे मोठ्या शेठजींचे काम वाटते. तसे नाही. आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपये फी भरून ऑनलाइन मिळतो. त्यासाठी पॅन आणि बँक खाते लागते. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, ते विसरू नये. टपाल खात्याने २०२२ पासून डाक घर निर्यात केंद्रे उघडली आहेत. बांगड्या, भरतकाम, टोप्या असा हलका माल मनियार किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनी टपालाने पाठवू शकतात. अत्तरवाल्यांनी मात्र जपावे. अल्कोहोल असलेला सुगंधी माल विमानात धोक्याचा माल गणला जातो.

भांडवलाचा प्रश्न राहतो. व्याजाच्या भीतीने धंदाच न वाढवणे आणि व्याजात गळ्यापर्यंत बुडणे, या दोन टोकांमध्ये शिरकतीचा मार्ग आहे. पाच-सात जणांनी भाग घालावेत, हिशेब लेखी ठेवावा, नफा-तोटा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावा. हजरत पैगंबर (स.) स्वतः हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामला व्यापारास गेले होते. दुसऱ्याचे भांडवल, आपली मेहनत आणि चोख अमानत, हे आपल्याला नवे नाही. भागीदारी मोडते ती तोट्याने कमी आणि तोंडी हिशेबाने जास्त.

सरकारकडेही मागणे आहेच. जळगावात शीतगृहासह पॅकिंगची सामाईक सोय आणि कस्टमच्या तपासणीची व्यवस्था झाली, तर येथून निघालेली पेटी मुंबईत पुन्हा उघडावी लागणार नाही. ही मागणी एकट्या मुस्लिम व्यापाऱ्यांची नाही. दालमिलवाले, चटई कारखानदार, सराफ, केळी उत्पादक यांच्यासोबत बसूनच ती करावी. वेगळे निवेदन देण्यापेक्षा एकत्र निवेदनावर सही केलेली बरी.

विमानतळाचे पुढचे टप्पे कोणासाठी थांबणार नाहीत. तो पूर्ण होईल तेव्हा आमची मुले तेथे सामान उचलताना दिसावीत की सामानावर त्यांच्या कारखान्याचा शिक्का दिसावा, हे आज ठरवायचे आहे. या रमजानपूर्वी निदान दहा कारागिरांनी एकत्र बसून एक भागीदारी लेखी करावी, एवढीच आमची विनंती आहे.