निळ्या रंगाचे इमान

प्राचीन इब्री उपासनेत महायाजकाचा झगा सर्वस्वी निळा असे आणि सामान्य भाविकाच्या वस्त्राच्या गोंड्यांतही एक निळा धागा ओवण्याची आज्ञा होती. परंतु तो रंग सागरी गोगलगायीपासूनच काढलेला असावा, डोळ्यांना तशीच भासणारी वनस्पतिजन्य नीळ त्या जागी चालणार नाही, असा तालमूद या यहुदी धर्मशास्त्रग्रंथाचा सक्त निर्बंध होता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोहोंतील निळे द्रव्य मूलतः एकच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आग्रहाचे मर्म कळते: रंगाइतकेच त्याचे उगमस्थानही पवित्र मानले गेले होते.

गिलानहून आलेल्या वजीर महमूद गवानाने १४७२ साली बीदरला उभारलेल्या मदरशापुढे उभे राहिले असता हा आग्रह मला अत्यंत न्याय्य वाटतो. १६९६ च्या स्फोटात त्या वास्तूचा मोठा भाग ढासळला, तरी दर्शनी भिंतीवर आणि उरलेल्या मिनारावर भट्टीत भाजलेल्या, झिलईदार निळ्या फरशा अद्याप तग धरून आहेत. जेथे फरशी गळाली तेथे तैलरंगाचा हात फिरवून भागवावे, अशी सूचना कोणी केलीच, तर ती साफ नामंजूर व्हावी. भट्टीतून निघालेली नवी फरशी मिळेपर्यंत, आणि ती नवी असल्याची नोंद दफ्तरी होईपर्यंत, ती जागा उघडीच राहू द्यावी.