नऊ अळ्या आणि बाबा

वीकेंडला तुम्ही काय करता? मॉल, मूव्ही, मस्त झोप? मी गणपतीला मूर्तिजापूरला घरी गेलो आणि चार दिवस अळ्या सांभाळल्या! पुतणीने अंगणातल्या गोडलिंबावरून, म्हणजे पुण्यात आपण ज्याला कढीपत्ता म्हणतो त्यावरून, नऊ गोळा केल्या होत्या. मी 'सुरवंट' म्हणालो तर लगेच सुधारलं, "काका, सुरवंटाले केस असतात."

लिंबू फुलपाखराच्या होत्या त्या. लहानपणी थेट पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून वाचतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार.

पहिला घोळ माझाच. एअरटाइट डब्यात ठेवल्या. आत ओल धरली, लेंड्यांना बुरशी आली, सकाळी दोन गेल्या. मग जाळीचं झाकण, खाली पेपर, रोज सफाई. उरलेल्या सात मस्त चरू लागल्या.

तिसऱ्या दिवशी गोडलिंबाची कोवळी पानं संपली, म्हणून मागच्या लिंबाची तोडली. संध्याकाळी पाच जणींनी खाणं सोडलं. सकाळी मऊ पडून काळवंडलेल्या.

"बाबा, लिंबावर काही मारलं का?"

"बीटी मारलं ना. जैविक हाय ते, माणसाले काई होत नाई."

खरंच होत नाही. पण बीटी हा जिवाणू १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना सापडला तोच मुळी मेलेल्या रेशीमकिड्यांत. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी पोटात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नसते. अळी बोंडाची की फुलपाखराची, त्याला काय कळणार? २००२ पासून आलेल्या बीटी कापसात ते विष झाडाच्या आतच असतं, कापूस खाणाऱ्या अळ्यांपुरतं. फवारा मात्र पडेल त्या पानावर बसतो. उन्हात काही दिवसांत निकामी होतो, पण आमच्या पाच जणींकडे तेवढे दिवस कुठे होते?

दोघी वाचल्या, कारण कोष करायचा म्हणून त्यांनी खाणं आधीच थांबवलं होतं. बीटी पोटात गेलं तरच मारतं.

पुतणी दिवसभर आबांशी बोलली नाही. बाबाही चिडले. "दोन वर्षं माह्या लिंबाची पालवी खाल्ली त्यायनं, ते नाई दिसत तुमाले!" त्यांचंही खोटं नव्हतं, यार. शेवटी तह झाला. लिंबू आबांचा, गोडलिंब तिचा, आणि फवारणीच्या दिवशी गोडलिंबावर जुनी चादर.

मी पुण्याला परतलो. आठवड्याने फोन आला. एक उडालं. दुसऱ्याचा कोष फार खाली, पेपरला टेकून होता. पंख लोंबायला जागाच मिळाली नाही, चुरगळलेलेच वाळले.

"मग आता?"

"आबा त्याले कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी पाजून राह्यले."