कोल्ह्याला दोष देण्यापूर्वी

हरमलच्या डोंगराकडच्या वाड्यांत रात्री कोल्हेकुई ऐकू आली की सकाळी कोणाच्या ना कोणाच्या परसात पिसे पडलेली दिसतात. मग बोलणे सुरू होते, "कोल्हे फार माजले. काहीतरी घातले पाहिजे." काहीतरी म्हणजे विष. या विचाराला माझा विरोध आहे. तो कोल्ह्याच्या दयेपोटी नव्हे, कोंबडीच्या काळजीपोटी आहे.

आधी माझेच नुकसान सांगते. आमची एक तांबडी गावठी कोंबडी काजूच्या पाल्यात लपून अंडी घालत होती आणि तिथेच रवणीला बसली. "हलवली तर उठेल" असे म्हणून मी तिला तशीच ठेवली. अठराव्या रात्री कोंबडी गेली. पाल्यात पिसे आणि फुटलेली कवचे तेवढी उरली. आणखी तीन दिवसांनी पिल्ले निघाली असती. दोष कोणाचा? कोल्हा रात्री हिंडणारच. रवणीची कोंबडी संकट आले तरी सहसा अंडी सोडत नाही, हे ठाऊक असून तिला उघड्यावर ठेवणारी मी होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, रवणीचे एकवीस दिवस कोंबडी घरात हवी. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत वाळू व त्यावर गवत घालावे. कोंबडी रात्रीच्या अंधारात उचलून आणावी. एक-दोन दिवस तिच्याखाली जुनी अंडी ठेवून पाहावी. ती स्थिर बसली की मग चांगली दहा-बारा अंडी घालावीत. ही अंडी आठवड्याहून जुनी नसावीत. सातव्या दिवशी रात्री अंडे टॉर्चपुढे धरावे. आत लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसले तर वांझ समजून काढावे. दाणा व पाणी जवळच असावे, आणि उवांसाठी राखेत लोळायला तिला रोज थोडा वेळ सोडावे.

बाकीच्या कोंबड्यांसाठी खुराडे पक्के करावे. कोल्हा माती उकरून आत शिरतो, म्हणून तळाला व कडेने चिरे बसवावेत. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस सहज येतो. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. अनेक घरांत सातच्या प्रार्थनेनंतर खुराडे बंद करतात. जूनमध्ये ते चालते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तासभर दार उघडे राहते. तेव्हा घड्याळाकडे न पाहता उजेडाकडे पाहावे.

प्रत्येक चोरी कोल्ह्याची नसते, हेही ध्यानात ठेवावे. दिवसाढवळ्या पिल्लू गेले तर घार, कावळा किंवा मुंगूस असतो. कवचाचा तुकडाही न राहता अंडी नाहीशी झाली तर बहुधा साप असतो. पिल्ले लहान असेपर्यंत दिवसा ती डालग्याखाली ठेवावीत. शिवाय मानमोडीने, म्हणजे रानीखेत रोगाने, एका आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे होते. त्याची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी.

आता विषाविषयी. विष घातलेले मांस कोल्ह्याआधी शेजाऱ्याचा कुत्रा खातो. एक कोल्हा मेला तरी रिकाम्या जागेत दुसरा येतो. कोल्हा शेतातले उंदीर खातो, ते मात्र वाढतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत घेतले आहे. त्याला मारणे किंवा फासात धरणे हा गुन्हा आहे.

कोल्ह्याला वाट दाखवणारे आपणच आहोत. कोंबडी साफ करून आतडी परसामागे टाकायची, हॉटेलांचे उष्टे ओहोळाच्या काठी ओतायचे, आणि मग तो दारापर्यंत का येतो म्हणून विचारायचे! हा कचरा खोल पुरावा.

आरोग्याची एक गोष्ट. कोल्ह्यालाही पिसाळ होतो. कोल्हा किंवा कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना लावत बसू नये.

गावठी अंड्यांचे पैसे घरच्या बाईच्या हाती राहतात. मुलाची वही आणि आजारपणातले औषध त्यातूनच येते. ते राखायचे तर विषाची पुडी नको. चार चिरे, एक कडी आणि सांजवेळी दोन मिनिटे पुरेत. यंदा माझी कोंबडी पडवीत बसली आणि नऊ पिल्ले निघाली. कोल्हा अजून डोंगरावर ओरडतोच आहे.