अमावास्या कधी आहे गं?

परवा सकाळीच आईला फोन लावला. "कालनिर्णयात बघ ना, सप्टेंबरात अमावास्या कधी आहे?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग काळजीचा सूर, "का रे? काय झालं?"

आमच्या घरी अमावास्या विचारतात ती त्या दिवशी कुठे निघायचं नाही म्हणून. मला मात्र नेमकं तेव्हाच जायचंय. हानलेला. तारे बघायला!

हानले हे लडाखच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव, लेहपासून साधारण अडीचशे किलोमीटरवर. हवा कोरडी आणि विरळ, दिवे जेमतेम. आपल्याकडचा पाऊस हिमालय ओलांडून तिथे फारसा पोचत नाही. म्हणून तर तिथे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण २००० पासून आकाशाकडे डोळे लावून बसलीय. शास्त्रज्ञ ती उपग्रहामार्फत बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवतात. वर्क फ्रॉम होमचा हा खरा आद्य नमुना. त्यांना धाप लागत नाही, बॉस. आपल्याला लागते.

हे मी अनुभवाने सांगतोय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राखी आणि पंधरा ऑगस्ट जोडून मस्त लाँग वीकएंड आला होता. रजा एकच टाकायची होती, म्हणून आम्ही चौघे खूश. शुक्रवारी विमानाने लेह, शनिवारी थेट हानले. दोन घोळ एकदमच झाले. पहिला म्हणजे राखी पौर्णिमेलाच येते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अंधार पडतो न पडतो तोच हा मोठा चंद्र वर आला आणि आकाशगंगा गायब! दुसरा घोळ जास्त वाईट होता. माझ्या रूममेटचं डोकं दुपारपासून ठणकत होतं. "झोपलास की बरं वाटेल," असं मीच त्याला सांगितलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. तारे राहिले बाजूला, त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गाडीतला ऑक्सिजन लावला आणि पहाट व्हायच्या आत त्याला घेऊन लेहच्या दिशेने खाली निघालो. तो वाचला, पण 'झोप' म्हणणारा मी होतो हे मी विसरलेलो नाही.

म्हणून यंदाचं प्लॅनिंग रजेवरून नाही, शरीरावरून आणि चंद्रावरून. शनिवारी लेह. ते ३,५०० मीटरवर आहे, म्हणून शनिवार-रविवार नुसतं लोळायचं, पाणी प्यायचं, शौर्य दाखवायचं नाही. सोमवारी बाजार आणि परमिटची कामं. मंगळवारी वाटेत चुमाथांगला मुक्काम, म्हणजे उंची टप्प्याटप्प्याने वाढते. बुधवार-गुरुवार हानले. दोन रात्री अशासाठी, की एखाद्या रात्री ढग आलेच तर दुसरी हाताशी असावी. शुक्रवारी परत लेह, शनिवारी विमान, रविवारी घरी ढाराढूर. नऊ दिवस, रजा फक्त पाच. डायमॉक्स घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. ग्रुपवरच्या 'एक्स्पर्ट'ला नाही.

सामान थोडंच. जाड जॅकेट, कानटोपी आणि लाल जिलेटिन पेपर गुंडाळलेला टॉर्च. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झगझगीत मेसेज सगळ्यावर पाणी फिरवतो. डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. तिथल्या काही गावकऱ्यांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी मिळाल्यात, तेच पाहुण्यांना आकाश दाखवतात. तेव्हा रात्री गाडीचे हेडलाइट लावून मिरवू नका, प्लीज.

बॉसने रजा दिली. आईनेही शेवटी तारीख सांगितली, वर "निघताना देवाला नमस्कार कर" हेही. उरला रूममेट. त्याला प्लॅन पाठवला तेव्हा दिवसभर उत्तर नाही. रात्री एकच ओळ आली: "डोकं दुखलं की खाली. वाद नाही."

ती ओळ मी प्लॅनमध्ये सगळ्यात वर टाकलीय. आणि चार तिकिटं काढलीत.