एक इंच पुरे, पैसा टायरवर खर्च करा

टायरच्या दुकानात मॅगव्हील बघायला आलेल्या तरुणाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: या गाडीला जास्तीत जास्त किती इंची चाक बसेल? जळगावात काय आणि धुळ्यात काय, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो, व्हर्टस अशा चपळ गाड्या हौसेने चालवणारी पिढी आता चांगलीच रुळली आहे. अस्सल स्पोर्ट्‌स कार इकडे क्वचितच दिसते. पण आपली गाडी तिच्यासारखी चालावी, वळणावर झोल खाऊ नये, स्टिअरिंग वळवताक्षणी गाडीचे नाक वळावे, ही इच्छा सर्रास आढळते आणि ती रास्तही आहे. ताब्यात राहणारी गाडी आतल्यांना आणि समोरून येणाऱ्यांनाही सुरक्षित असते. त्यामुळे ‘कंपनीने दिले ते मुकाट्याने वापरा’ असे सांगून या तरुणाला गप्प बसवण्यात अर्थ नाही. इच्छा बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. खान्देशच्या रस्त्यांवर आणि खान्देशच्या उन्हात गाडीचा ताबा सुधारायचा असेल, तर चाक मूळ मापापेक्षा फार तर एका इंचाने मोठे करावे, टायरचा बाहेरचा व्यास होता तेवढाच ठेवावा आणि उरलेला पैसा चांगल्या रबरावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत ज्या हिशेबावर उभे आहे तो टायरच्या बाजूवरच कोरलेला असतो. स्विफ्टच्या वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ हे माप येते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. सगळे जोडले की पूर्ण चाकाचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो. याच गाडीच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ येते आणि त्याचा व्यास भरतो सुमारे ६२० मिलिमीटर. रिम एक इंचाने वाढली, टायर रुंद झाला, बाजू बुटकी झाली, पण पूर्ण चाक तेवढेच राहिले. एक इंच वाढवण्याची योग्य रीत कंपनीनेच अशी दाखवून दिली आहे. हाच हिशेब पुढे नेला तर १५ इंचांच्या जागी १९५/५५ आर १६ बसते. बाजू १०७ मिलिमीटर आणि व्यास पुन्हा ६२१. स्पीडोमीटर खोटे बोलत नाही, गिअरचे गणित बिघडत नाही, टायर मडगार्डला घासत नाही. आता १७ इंच घ्या. २०५/४५ आर १७ मध्ये बाजूची उंची उरते ९२ मिलिमीटर. मूळच्या १२० मधली २८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा गादी गेली. शिवाय टायरवर मापाच्या पुढे जो भारांक छापलेला असतो तो पाहा. १८५/६५ आर १५ चा ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. २०५/४५ आर १७ चा साधा टायर ८४ चा मिळतो, म्हणजे ५०० किलो. जादा भाराचा, एक्सएल छापाचा टायर मागून घेतला तरच ८८ परत मिळतो. लग्नसराईत पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघणाऱ्या गाडीला हा फरक क्षुल्लक नाही, आणि दुकानात तो विचारणारे फार थोडे असतात.

मोठ्या चाकाने ताबा सुधारतो, हा समज निराधार आहे असे मुळीच नाही. स्टिअरिंग वळवले की आधी रिम वळते, मग टायरची बाजू पिळली जाते आणि त्यानंतर रस्त्याला टेकलेले रबर वळते. बाजू बुटकी असेल तर हा पीळ कमी पडतो आणि गाडी लगेच वळल्यासारखी वाटते. रुंदीचा फायदाही खरा आहे, फक्त तो लोक समजतात तसा नाही. हजार किलोच्या गाडीचे एकेका चाकावर अडीचशे किलो येतात आणि हवा ३३ पीएसआय असेल, तर जमिनीला टेकणारा भाग शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास, तळहाताएवढाच असतो. टायर रुंद केला म्हणून हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते ठरते मुख्यतः वजनावर आणि हवेच्या दाबावर. बदलतो तो आकार. टेकलेला भाग आडवा रुंद आणि उभा आखूड होतो आणि वळणावर त्याचा उपयोग होतो. पण तिथे पकड किती मिळेल हे सगळ्यात जास्त ठरवते ते रबराचे मिश्रण. स्वस्तातला, टणक रबराचा १७ इंची टायर चांगल्या कंपनीच्या १५ इंचीपुढे ओल्या रस्त्यावर सहज उणा ठरू शकतो. मॅगव्हीलवर बजेट संपवून टायर मिळेल तो स्वस्तातला घेणे ही म्हणूनच उलटी खरेदी आहे.

ज्यांचे नाव ताब्यासाठी घेतले जाते त्या गाड्यांची चाके पाहिली तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. १९८९ ची माझदा एमएक्स-५ ही हलकी स्पोर्ट्‌स कार जगभर वळणावरच्या वागणुकीसाठी वाखाणली गेली. तिचे माप होते १८५/६० आर १४. लोटस एलिसच्या पहिल्या पिढीला पुढे १८५/५५ आर १५ होते. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ आणली, तेव्हा तिला मुद्दाम २१५ मिलिमीटरचे बेताचे टायर दिले, कारण गाडीचा तोल चालकाच्या हाताला कळावा हा हेतू होता. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या, १८ इंच आले २०२२ मध्ये. आणि सगळ्यात बोलका दाखला रॅलीचा. जागतिक रॅली स्पर्धेत तीच गाडी, तोच चालक डांबरी रस्त्यावर १८ इंची चाके लावतो आणि खडी-मातीच्या रस्त्यावर १५ इंची. ताबा हा एकट्या गाडीचा गुण नाही, तो गाडी आणि रस्ता यांच्या जोडीचा असतो, हे ज्यांचा धंदाच वेगाचा आहे त्यांनी अशा रीतीने मान्य केले आहे. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ ते १९ इंचांची चाके आळीपाळीने लावून पाहिली. १५ वरून १९ वर जाताना गाडीचा पिकअप मंदावला आणि इंधनाची सरासरी सुमारे दहा टक्क्यांनी घसरली. मोठे चाक जड असते, वजन परिघाकडे सरकते आणि शॉकअॅब्सॉर्बरला ते उचलून पुन्हा खाली टेकवायला वेळ लागतो.

आता आपला रस्ता पाहू. सुरतेहून येणारा महामार्ग कोंडाईबारी घाट ओलांडून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत भुसावळकडे जातो. फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण किती रखडले हे इथल्या कुणाला सांगायला नको. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्या पोटावर बांधलेल्या रस्त्याला लाटा पडतात. वरून गुळगुळीत दिसणारे डांबरही म्हणून गाडीला वर-खाली करत राहते. अशा रस्त्यावर वळण घेताना चाक उसळले आणि क्षणभर जमिनीवरून सुटले तर त्या क्षणी पकड शून्य, मग टायर कितीही रुंद असो. तो हादरा आधी पचवते ती टायरची बाजू. ती सस्पेन्शनचाच भाग आहे. कन्नडच्या घाटात किंवा अजिंठ्याच्या घाटात उखडलेल्या वळणावर ९२ मिलिमीटरची बाजू चालकाला जेवढी चपळाई देते, त्याहून जास्त विश्वास हिरावून घेते. खड्ड्याच्या कडेवर तर ती रिम आणि डांबर यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. रिमला बाक आला तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते, आणि ताबा सुधारायला निघालेली गाडी पहिल्यापेक्षा बेकाबू होते.

उन्हाचा भाग तर याहून महत्त्वाचा आहे. भुसावळ-जळगावचा मे म्हणजे ४५ अंश, कधी त्याच्याही वर, आणि दुपारचे डांबर हवेपेक्षा कितीतरी तापलेले. तापमानात साधारण साडेपाच अंशांचा फरक पडला की टायरमधला दाब एक पीएसआयने बदलतो. मेच्या भर दुपारी हवा ३३ करून घेतली आणि जानेवारीच्या पहाटेपर्यंत पाहिलीच नाही, तर थंडीच्या नुसत्या फरकाने ती सहा पीएसआय खाली आलेली असते, गळती वेगळीच. इकडे उन्हाळ्यात ‘टायर फुटू नये’ म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याची सवय आहे. ती घातक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि तीच उष्णता टायर फोडते. बुटक्या बाजूच्या टायरमध्ये हा धोका नजरेलाही दिसत नाही. उंच बाजूचा टायर हवा कमी झाली की बसलेला कळतो, ४५ टक्क्यांचा कळत नाही. ज्याला १७ इंच लावायचेच आहेत त्याने निदान हवा तपासण्याचे यंत्र गाडीत ठेवावे आणि सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाब पाहावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या गाड्यांचा. पोर्शे ९११ ला पुढे १९ आणि मागे २० इंची चाके कंपनीच देते, मग आम्ही का नको? कारण त्या गाडीचे मोठे ब्रेक, तिचे वजन, मागच्या बाजूला असलेले इंजिन आणि सस्पेन्शन यांचा हिशेब त्या चाकांसह सुरुवातीपासून मांडलेला असतो. आपल्या हॅचबॅकला नुसते चाक चढवून बाकीचे सगळे होते तसेच राहते. त्यात रिमचा ऑफसेट चुकला, चाक मडगार्डच्या बाहेर आले, तर बेअरिंगवर ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रस्ते आता सुधारत आहेत, समृद्धी महामार्ग झाला, मग जुन्या खड्ड्यांची भीती किती दिवस बाळगायची? रस्ते सुधारत आहेत हे खरे आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण जळगाव-धुळ्याहून समृद्धीला लागण्याआधी जो रस्ता पार करावा लागतो तो याच टायरवर करायचा असतो. शिवाय ताशी १२० ने तासन्‌तास पळताना टायरची खरी कसोटी लागते ती उष्णतेत आणि भारात. परिवहन विभागाला समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवाव्या लागल्या, त्या काही १५ इंची चाके लहान होती म्हणून नव्हे. तिथे प्रश्न झिजेचा, वयाचा आणि हवेचा होता. तिसरा आक्षेप दिसण्याचा. मोठी चाके देखणी दिसतात, यात वाद नाही, आणि स्वतःच्या पैशाने गाडी सजवायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. फक्त ती सजावट आहे हे मान्य करून करावी. ताब्याच्या नावाखाली ताबा गमावण्याचा व्यवहार करू नये.

कायद्याचा मुद्दाही लक्षात ठेवायला हवा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्याला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाजू आणखी कडक केली. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप घेणे हा त्यामुळे सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो. खालच्या प्रकारातल्या स्विफ्टला १४ च्या जागी १५ इंच घेणाऱ्याला ताब्यातली सुधारणा पहिल्याच वळणावर कळेल. त्यापलीकडे जायचे असेल तर विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो.

तेव्हा टायर घ्यायला जाल तेव्हा इंचांचा प्रश्न शेवटी विचारा. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. त्यावर गाडीचे माप आणि हवेचा दाब दोन्ही असतात. नव्या टायरचा भारांक मूळच्यापेक्षा कमी नाही ना, ते पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नका, आपल्या उन्हात रबर लवकर म्हातारे होते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद होतो, पण जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर तेल, धूळ आणि ट्रॅक्टरने आणलेला चिखल एक होतो, तेव्हा तीन मिलिमीटरलाच तो बदला. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या. दोन नवे महाग आणि दोन जुने स्वस्त अशा मिश्रणाने घाटात गाडी नेमकी कशी वागेल, हे कुणीच सांगू शकत नाही.